रूपांतरण उपचार आणि मानसिक आरोग्य परिचर्येची नीती : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

व्यक्तीचा लैंगिक कल वा लिंगभाव बदलण्यासाठी केल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांची चर्चा आजवर प्रामुख्याने डॉक्टर, न्यायालय आणि कुटुंब यांच्याभोवती फिरत राहिली आहे. हे उपचार प्रत्यक्ष अमलात आणणाऱ्या परिचारिकेच्या नैतिक स्थानाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात या उपचारांची वैचारिक पार्श्वभूमी, परिचर्येचा इतिहास, विद्यमान कायदा आणि सातारा-सांगली परिसरातील सामाजिक वास्तव यांच्या आधारे परिचारिकेच्या जबाबदारीची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : रूपांतरण उपचार, मानसिक आरोग्य परिचर्या, लैंगिक कल, संमती, व्यावसायिक नीती.

प्रस्तावना

औषधे, विजेचे झटके, समुपदेशन, धाक किंवा धर्मविधी यांच्या साहाय्याने व्यक्तीचा लैंगिक कल वा लिंगभाव बदलू पाहणाऱ्या प्रयत्नांना ‘कन्व्हर्जन थेरपी’ असे नाव आहे. मराठीत त्यासाठी ‘रूपांतरण उपचार’ हा शब्द वापरता येईल. मात्र यातील ‘उपचार’ हा शब्द केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी स्वीकारायचा आहे. जेथे आजारच नाही तेथे उपचार कशाचा, हा या विषयातील पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न हा उपचार कोण करतो, असा आहे. केसपेपरवर आदेश लिहिला जातो तो डॉक्टरांच्या हातून. मात्र इंजेक्शन देणे, रात्रभर लक्ष ठेवणे, भेटीस आलेल्यांना आत सोडणे किंवा परत पाठवणे, रुग्णाच्या वागण्याची नोंद करणे, व्हरांड्यात ताटकळणाऱ्या आईवडिलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही सारी कामे परिचारिकेची असतात. रूपांतरण उपचारातील अनैतिकता एखाद्या मोठ्या निर्णयात एकवटलेली नसते. ती अशा अनेक लहान कृतींत विभागलेली असते आणि म्हणूनच सहज नजरेआड होते. या कृतींची जबाबदारी निश्चित केल्याशिवाय रूपांतरण उपचारावरील कोणतीही बंदी वॉर्डपर्यंत पोहोचणार नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘आजार’ या कल्पनेचा प्रवास

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तोच निर्णय घेतला. तथापि त्याच वेळी स्वीकारलेल्या आजारांच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एक फट राहून गेली. आपला कल निराळा असता तर बरे, असे वाटून जी व्यक्ती तो बदलण्यासाठी उपचार मागते, तिच्यासाठी एक स्वतंत्र निदान शिल्लक ठेवण्यात आले. अकराव्या वर्गीकरणाने, म्हणजे २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीने, ही फट बुजवली. म्हणजे ‘आजार नाही, पण उपचार आहे’ ही विसंगत अवस्था सुमारे तीन दशके टिकून होती. आज सेवेत असलेल्या अनेक परिचारिकांचे शिक्षण याच काळात झालेले आहे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर १९८१ आणि १९८२ ही दोन लागोपाठची वर्षे अर्थपूर्ण ठरतात. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारे एकटेपण आणि तिची आत्महत्या त्यात चित्रित झाली आहे. १९८२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रधान, अय्यर आणि बगाडिया या मुंबईतील मनोविकारतज्ज्ञांचा वर्तनपरिवर्तनाद्वारे समलैंगिकतेवर उपचार या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. या माणसाकडे समाज कसा पाहतो, हा नाटकाने विचारलेला प्रश्न होता. वैद्यकाचा प्रश्न या माणसाला कसे बदलावे, हा होता. त्या निबंधाकडे आज व्यक्तिगत दोषारोपाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही, कारण तो आपल्या काळाच्या ज्ञानव्यवस्थेचा भाग होता. पण त्या ज्ञानव्यवस्थेची चिकित्सा मात्र आवश्यक आहे. त्या काळच्या अशा अभ्यासांत यशाचे मोजमाप मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या कथनावर अवलंबून असे. त्याचे आचरण भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ नुसार गुन्हा होते, घरचे लोक दाराबाहेर निकालाची वाट पाहत होते आणि ‘बरा झालो’ असे म्हटल्यावाचून सुटका नव्हती. अशा माणसाचे कथन हा शास्त्रीय पुरावा कसा मानावा? दडपणाखाली दिलेली संमती जशी ग्राह्य नसते, तसेच दडपणाखाली सांगितलेले ‘यश’ही ग्राह्य नसते.

कायदा आणि वैद्यक यांची ही गाठ किती घट्ट होती हे २००१ मध्ये दिसून आले. दिल्लीतील एका रुग्णालयात चाललेल्या अशा उपचारांविरुद्धची तक्रार त्या वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे आली. कलम ३७७ अस्तित्वात असल्याच्या कारणावरून आयोगाने तीत लक्ष घालण्यास नकार दिला. पुढे २००९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. असे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी आणि हानीचा धोका खरा, हा त्याचा निष्कर्ष होता.

आज्ञापालनाचा इतिहास

परिचारिकेच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत उपयुक्त अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आहे. टॉमी डिकिन्सन यांचा ‘क्युअरिंग क्विअर्स’ हा ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३५ ते १९७४ या काळातील मनोरुग्ण परिचारक-परिचारिका आणि त्यांचे रुग्ण हा त्याचा विषय आहे. पुरुषाचे चित्र समोर धरून रुग्णाला ओकारी येणारे औषध टोचणे किंवा विजेचा झटका देणे, हे त्या काळच्या ‘घृणा-उपचारा’चे स्वरूप होते. ही कामे ज्यांनी केली त्यांच्या आणि ज्यांच्यावर ती झाली त्यांच्या मुलाखती डिकिन्सन यांनी घेतल्या. त्यातून पुढे येणारे चित्र क्रूर माणसांचे नाही. आदेश पाळण्याची शिकवण, वरिष्ठांचा धाक आणि हे रुग्णाच्या भल्यासाठीच आहे ही समजूत, एवढ्या सामग्रीवर सामान्य सद्भावनेची माणसेही या कृती करत राहिली. काही थोड्यांनी मात्र गुपचूप अवज्ञा केली. त्यांनी औषध दिल्याचे भासवले, पण दिले नाही.

या ग्रंथाचे मोल मोठे आहे. तथापि त्यातील गुप्त अवज्ञेकडे आदर्श म्हणून पाहता येणार नाही. अशा अवज्ञेने एखादा रुग्ण वाचतो, पण पुढच्या पाळीतील परिचारिका तोच आदेश अमलात आणते. शिवाय खोटी नोंद ही स्वतंत्र व्यावसायिक चूक ठरते आणि नैतिक निर्णय घेणारी व्यक्तीच गुन्हेगारासारखी लपून राहते. ज्या व्यवस्थेत योग्य गोष्ट चोरून करावी लागते, त्या व्यवस्थेत दोष व्यक्तीचा कमी आणि नियमांचा अधिक असतो. म्हणून प्रश्न परिचारिकेच्या धैर्यापुरता मर्यादित राहत नाही. तिला उघडपणे नकार देता येईल अशी तरतूद आहे काय, हा खरा प्रश्न होय.

कायदा परिचारिकेला काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार समाजातील प्रचलित नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी व्यक्तीचे न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. कलम १८ नुसार मानसिक आरोग्यसेवा देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली आणि असे करणाऱ्या व्यावसायिकांवर, परवाना रद्द करण्यापर्यंत, कारवाईचे निर्देश दिले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने रूपांतरण उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सर्व राज्य वैद्यक परिषदांना कळवले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आयोगाचे हे पत्र वैद्यक परिषदांना, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थांना उद्देशून आहे. परिचारिकांची नोंदणी परिचर्या परिषदा करतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २००६ च्या आचारसंहितेत जात, धर्म, लिंगभाव, आर्थिक स्थिती, वैयक्तिक गुणविशेष अशा कशाहीवरून भेद न करता सेवा द्यावी, रुग्णाच्या निवडीचा आदर राखावा आणि गोपनीयता पाळावी, अशी सर्वसाधारण तत्त्वे आहेत. तत्त्वे म्हणून ती पुरेशी आहेत. परंतु रात्रपाळीतील अधिपरिचारिकेच्या हाती जेव्हा विशिष्ट आदेश असतो, तेव्हा सर्वसाधारण तत्त्व तिच्या पाठीशी उभे राहीलच असे नाही.

दुसरीकडे २०१७ चा अधिनियम मानसिक आरोग्य परिचारिकेला केवळ साहाय्यक मानत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून नोंदणी होणाऱ्यांत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांच्या बरोबरीने तिचाही समावेश आहे. ज्याला कायदा व्यावसायिक म्हणतो त्याला ‘मी फक्त आदेश पाळला’ ही सबब उरत नाही. मात्र जबाबदारी द्यायची आणि नकाराचा अधिकार अस्पष्ट ठेवायचा, हा अन्याय होय. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०२१ च्या संहितेने सदसद्विवेकाच्या आधारे विशिष्ट प्रक्रियेत सहभागी न होण्याची मुभा मान्य केली आहे. मात्र त्यामुळे रुग्ण सेवेवाचून राहू नये, अशी अटही घातली आहे. ही अट या विषयात फार महत्त्वाची आहे.

सातारा-सांगली : प्रश्नाचे स्थानिक रूप

परिचर्येच्या शिक्षणाच्या दृष्टीने हा परिसर संपन्न आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत उभारलेल्या मिशन रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले होते. आज मिरज, सांगली, कराड येथील संस्थांतून शिकलेल्या परिचारिका देशभर आणि परदेशांतही सेवा देतात. मनोरुग्णांसाठीची राज्याची चार जुनी प्रादेशिक रुग्णालये मात्र ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे, म्हणजे या दोन्ही जिल्ह्यांबाहेर आहेत. त्यामुळे जत, आटपाडी, माण किंवा पाटण तालुक्यातील कुटुंबाला मानसिक आरोग्यव्यवस्थेचा जो पहिला चेहरा भेटतो, तो पुष्कळदा ओळखीतल्या एखाद्या सिस्टरचा असतो.

ग्रामीण भागात रूपांतरणाचा प्रयत्न त्या नावाने होत नाही. त्याचे सर्वांत रूढ रूप म्हणजे लग्न. ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा सल्ला भावकीतून, शेजारातून आणि क्वचित दवाखान्यातूनही मिळतो. या ‘उपचारा’त दोन व्यक्तींचे आयुष्य पणाला लागते आणि त्यांपैकी एकीला, म्हणजे नवरीला, आपण कोणाच्या आजाराचे औषध आहोत हे ठाऊकही नसते. दुसरे रूप देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांचे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये या कायद्याने गुन्हा ठरवली. देवऋषीने दिलेली धुरी गुन्हा आणि पांढऱ्या भिंतींच्या आड त्याच हेतूने दिलेले गुंगीचे औषध मात्र ‘उपचार’, हा भेद विवेकवादाला मान्य होणारा नाही.

याच पट्ट्यात एक उलट दिशेचे रूपांतरणही परिचित आहे. यल्लम्माच्या नावाने जोगते-जोगतिणी सोडण्याची प्रथा राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून मांडली. त्यांवर आणि सांगली जिल्ह्यातील कथाकार चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर राजीव पाटील यांचा २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट आधारलेला आहे. त्यातील तायप्पा या पुरुषाला समाज बळेच लुगडे नेसवतो. रूपांतरण उपचारात समाज ‘बायकी’ मुलाला बळेच पुरुष बनवू पाहतो, तर येथे पुरुषाला बळेच जोगता करतो. दिशा परस्परविरुद्ध असली तरी अन्याय एकच आहे. बदल कोणत्या बाजूला झाला हा नैतिक निकष नव्हे. तो ज्याच्या देहावर झाला त्याने तो मागितला होता काय, हा निकष होय. पारलिंगी व्यक्तीने स्वतः मागितलेले वैद्यकीय साहाय्य आणि तिच्यावर लादलेला ‘उपचार’ यांतील फरकही याच निकषाने स्पष्ट होतो.

या निकषाचा आग्रह सांगलीत अन्य संदर्भात यापूर्वीच धरला गेला आहे. १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ ही संस्था आणि तिच्यातून १९९६ मध्ये उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वतीने एक साधी मागणी सातत्याने मांडली : आमचा उद्धार ठरवण्याआधी आम्हाला विचारा. परिचर्येच्या पाठ्यक्रमात ‘रुग्णाची स्वायत्तता’ म्हणून शिकवले जाणारे तत्त्व या परिसरात लोकव्यवहारातून पुढे आलेले आहे.

वॉर्डमधील लहान कृती

लग्नास नकार दिल्यामुळे आणि मोबाइलवरील संदेशांतून त्याचे प्रेम उघड झाल्यामुळे वडील व चुलते यांनी एका तरुणाला दवाखान्यात आणले आहे, अशी कल्पना करावी. त्याला झोप नाही, त्याने जेवण टाकले आहे. ‘याला ठीक करा’ ही कुटुंबाची मागणी आहे. येथे परिचारिकेपुढे एकापाठोपाठ एक कृती येतात. त्याचा मोबाइल काढून घ्यायचा काय? अधिनियमाचे कलम २६ त्याला बाहेरच्यांशी संपर्काचा हक्क देते. त्याने खासगीत सांगितलेले वडिलांना सांगायचे काय? कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. परंतु सिस्टर आणि चुलते एकाच गावचे असतील, तर हा हक्क कागदावर सोपा आणि एसटी स्टँडवर अवघड असतो. नोंदवहीत काय लिहायचे? ‘विकृत वर्तन’ असे लिहिले तर पुढचा प्रत्येक वाचक त्याच नजरेने पाहणार. ‘कौटुंबिक दडपणामुळे निद्रानाश, अन्नत्याग, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आहे काय हे विचारले’ असे लिहिले तर उपचाराची दिशाच बदलते. इच्छेविरुद्ध दाखल करावयाचे तर कलम ८९ च्या कठोर अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि लग्नास नकार हे त्यांपैकी एकही कारण नाही. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे त्याला सांगणारी व्यक्तीही बहुधा परिचारिकाच असू शकते.

यांपैकी कोणतीही कृती ‘कन्व्हर्जन थेरपी’ या नावाने ओळखली जात नाही. मात्र या कृतींच्या बेरजेलाच ते नाव आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, रुग्ण स्वतःच बदल मागत असेल तर नकार देणे हा त्याच्या स्वायत्ततेचा भंग नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्या व्यक्तीचे दुःख खरे असते. परंतु दुःख खरे आहे म्हणून त्याचे तिने सांगितलेले कारणही खरे ठरत नाही. सावळ्या मुलीने स्थळे नाकारली गेल्यामुळे कातडीचा रंग बदलून मागितला, तर तिच्या दुःखावर फुंकर घालणे हे परिचर्येचे काम आहे. तिचा रंग हा रोग आहे असे मान्य करणे हे नव्हे. शिवाय ज्या प्रक्रियेत लाभाचा भरवसा नाही आणि हानीची शक्यता आहे, तिला रुग्णाच्या संमतीनेही वैधता येत नाही. सेवा दुःखाची करावी, कलाची नव्हे, हे येथील सूत्र असावे.

दुसरा आक्षेप कुटुंबाच्या हक्काचा. आपल्याकडे रुग्णाची सर्व काळजी कुटुंबच घेते, त्यामुळे त्याला वगळून चालणार नाही, हे खरेच. म्हणूनच कुटुंबाशी बोलणे हा परिचर्येचा भाग ठरतो. आईवडिलांची भीती पुष्कळदा ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘म्हातारपणी याला कोण’ या दोन वाक्यांत सामावलेली असते. या भीतीला उत्तर हवे आहे, औषध नव्हे. मे २०२० मध्ये केरळातील एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा गोव्यात मृत्यू झाला. कल बदलण्यासाठी घरच्यांनी आपल्याला सक्तीने केंद्रांत ठेवल्याचे तिने त्यापूर्वी जाहीरपणे सांगितले होते. कुटुंबाची माया आणि तिचा परिणाम यांत किती अंतर पडू शकते, हे त्या घटनेने दाखवले.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा, म्हणजे समाज अजून तयार नाही हा. या संदर्भात सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे स्मरण उचित ठरेल. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा समाज तयार नव्हताच. तेथे आलेल्या विधवेला कोणी ‘सुधारले’ नाही. तिचे बाळंतपण केले. दोष तिच्यात नसून तिच्यावरील बंधनांत आहे, हे त्यामागील निदान होते. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनी प्राण गमावला. आधी शुश्रूषा, न्यायनिवाडा नव्हे, ही परंपरा या मातीला परकी नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रूपांतरण उपचाराला वैद्यकीय आधार नाही आणि २०१७ च्या अधिनियमाच्या चौकटीत त्याला जागा नाही. डॉक्टरांबाबत हे २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले गेले. परिचारिकांबाबतही ते तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगितले जाणे आवश्यक आहे. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियमात नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. हे काम त्या मंडळाच्या कक्षेत येते. असा आदेश गैरवर्तन ठरावा आणि तो लेखी नाकारणाऱ्या परिचारिकेला संरक्षण मिळावे, अशी दुहेरी तरतूद हवी, कारण यांपैकी एकच बाजू केल्यास सर्व भार पुन्हा सर्वांत कनिष्ठ व्यक्तीवर पडतो.

केवळ नियमांनी मात्र भागणार नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात समलिंगी संबंधांचा ‘अनैसर्गिक अपराध’ म्हणून केलेला उल्लेख काढल्यानंतरही २०२४ च्या ऑगस्टअखेर तो परत आला आणि टीकेनंतर सप्टेंबरमध्ये मागे घ्यावा लागला. जुनी शिकवण किती चिवट असते, याचा हा पुरावा होय. परिचर्येच्या वर्गात व्यक्तिमत्त्वदोष आणि लैंगिक विकार यांचे प्रकरण शिकवताना लैंगिक कल त्यात मोडत नाही, हे वाक्य स्पष्टपणे उच्चारले गेले पाहिजे. सातारा-सांगलीतील परिचर्या महाविद्यालयांना त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. विवेकवादी चळवळीचा अनुभव साताऱ्यात आहे, समूहाच्या आवाजातून धोरण घडवण्याचा अनुभव सांगलीत आहे आणि परिचर्येची दीर्घ परंपरा मिरजेत आहे. या तिन्ही गोष्टी एका वर्गखोलीत आणणे हे अध्यापकांचे काम आहे. रात्रपाळीच्या सिस्टरसमोर जेव्हा असा तरुण येईल, तेव्हा तिने काय करू नये एवढेच तिला ठाऊक असणे पुरेसे नाही. त्याच्याशेजारी बसून काय विचारावे, हेही ती शिकलेली असली पाहिजे.